नायिकेची आठवण हरवते तेव्हा: किशोरांसाठी थरारकथा लिहिताना या चुका टाळा

अपहरण झालेली सोळा वर्षांची मुलगी, तिची पुसली गेलेली स्मृती आणि पार्श्वभूमीला आपले इंदूर, एवढ्या सामग्रीवर चांगली कथा उभी राहू शकते. परंतु नवोदितांच्या कथा बहुधा विस्मरणाच्या प्रसंगातच अडखळतात, कारण नायिकेने नेमके काय विसरावे याचा नियम लेखकाने ठरवलेलाच नसतो.

डोक्याला मार लागताच ती स्वतःचे नाव आणि आईचा चेहराही विसरते आणि शेवटी दुसरा मार बसल्यावर सारे आठवते, ही सर्वांत मोठी चूक आहे. दुसऱ्या आघाताने स्मृती परतत नाही, मेंदूची इजा मात्र वाढू शकते. अशा दुखापतीत सहसा आघाताच्या आसपासचा काळ पुसला जातो आणि जुन्या आठवणी अधिक टिकतात. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ थिओड्यूल रिबो यांनी हे 1881 मध्येच मांडले होते. 1953 मध्ये मेंदूवर झालेल्या शस्त्रक्रियेनंतर अमेरिकी रुग्ण हेन्री मोलेसन यांना नव्या घटना लक्षात राहत नसत, तरी आरशात पाहून चांदणी गिरवण्याचे कौशल्य ते सरावाने शिकले, आणि आधी सराव केल्याचे त्यांना आठवतही नसे. कथानक अडले असेल तर इथे वाट आहे: इंदूरच्या रामबागेतली नायिका तो दिवस विसरली असली, तरी तिची बोटे पेटीवर सराईतपणे फिरू शकतात. प्रत्येक प्रकरणात तिला काय ठाऊक आहे, याचा तक्ता आधीच करून ठेवावा.

दुसरी चूक खुणांची. डोळे बांधलेल्या मुलीला तळलेल्या गराडूचा (हिवाळी कंदाचा) वास आला, तर कथा हिवाळ्यात घडायला हवी. जूनमधला गराडू इंदूरचा वाचक खपवून घेणार नाही. सराफा बाजारातली खाद्यगर्दीही सराफांची दुकाने मिटल्यानंतरच जमते.

पोलिसांविषयी थोडक्यात सांगतो. ‘चोवीस तास थांबा’ असे सांगणारा ठाणेदार खलनायकाचा हस्तक असेल तर ठीक, पण तसा नियम नाही. बेपत्ता बालकांच्या तक्रारींवर गुन्हा नोंदवण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये दिले आहेत. डिसेंबर 2021 पासून इंदुरात पोलीस आयुक्त आहेत, त्यामुळे आजच्या कथेत शहराचा कारभार जिल्ह्याच्या एसपींकडे देऊ नये. 1 जुलै 2024 पासूनच्या अपहरणाला भारतीय दंड संहितेऐवजी भारतीय न्याय संहिता लागू होते. सुटका झालेल्या अल्पवयीन मुलीचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापल्याचे दाखवू नये, कायद्याने तशी ओळख उघड करता येत नाही.

भाषेचा उपयोग तर जवळजवळ कुणीच करत नाही, याचे मला नवल वाटते. इथल्या मराठी कुटुंबांतली मुले घरी मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलतात. म्हणून शुद्धीवर येताना नायिका पहिला शब्द कोणत्या भाषेत उच्चारते, हे अपहरणकर्त्याच्या कानावर पडू द्यावे.