एलईडी चिप न जाळता तार कशी सोल्डर करावी

१ वॅटचा एलईडी बाजारात बहुतेक वेळा सहा कोनांच्या ॲल्युमिनियम चकतीवर बसवलेला मिळतो. तिला स्टार प्लेट म्हणतात. आकाशकंदिलासाठी किंवा टेबललॅम्पसाठी ती घेतो, तार जोडतो आणि चिप लागतच नाही, असं अनेकांचं होतं. माझ्याही पहिल्या दोन चिप अशाच गेल्या. नाजूक वस्तू म्हणून मी छोटं, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न वापरलं होतं आणि चूक नेमकी तिथेच होती.

ॲल्युमिनियमची प्लेट उष्णता ओढून घेण्यासाठीच असते. बिट, म्हणजे आयर्नचं तापलेलं टोक, टेकवली की आपली उष्णताही ती पसरवून टाकते. छोट्या आयर्नला पॅड, म्हणजे तार जोडायचा धातूचा ठिपका, तापवायला पंधरा-वीस सेकंद लागतात आणि तोवर चिपही भाजून निघते. म्हणून आयर्न ५०-६० वॅटचं, शक्यतो तापमान ठरवता येणारं घ्या. बिट टोकदार नको, चपटी हवी. ३५० अंशांवर ठेवा आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. जास्त ताप चालतो, जास्त वेळ नाही.

सोल्डर ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) घ्या, आत फ्लक्स, म्हणजे धातू स्वच्छ करून सोल्डर धरायला लावणारा पदार्थ, असलेला. तो १८३ अंशांना वितळतो. शिसं नसलेल्या सोल्डरला २१७च्या पुढे जावं लागतं. मात्र ६३/३७मध्ये शिसं आहे, तेव्हा काम झाल्यावर हात धुवा. फ्लक्सचा धूर निघतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा.

प्लेट हीटसिंकवर (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) बसवण्याआधीच तारा जोडा, हे विसरू नका. ती लाकडी फळीवर ठेवा, कडेला चिकटपट्टी लावून पक्की करा. तार बारीक आणि लवचीक हवी. जाड तार पॅडच उपटते.

आता तारेचं टोक तीन-चार मिलिमीटर सोला, पीळ द्या आणि भांड्याला कल्हई करतात तसा त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवा. पॅडला किंचित फ्लक्स लावा. बिट ओल्या स्पंजवर पुसून तिच्यावर सोल्डरचा थेंब घ्या, कारण कोरड्या बिटेतून उष्णता नीट जात नाही. ती पॅडवर टेकवून पॅडवरही थर बसवा. मग अर्धा मिनिट थांबा. प्लेट हाताला कोमट लागली की पुढे.

शेवटी तार पॅडवर आडवी ठेवा आणि वरून बिट टेकवा. दोन्ही थर एकदम वितळून एक होताना दिसतात. त्याच क्षणी बिट उचला आणि सोल्डर गोठेपर्यंत तार हलू देऊ नका. चांगला जोड चकाकतो, त्याच्या कडा पॅडवर पसरलेल्या असतात. पॅडवर गोळी बसल्यासारखी दिसली तर जोड कच्चा आहे. प्लेट गार होऊ द्या, फ्लक्स लावा आणि पुन्हा करा. त्याच दमात घासत बसू नका.

या सगळ्यात चिपच्या भिंगाला बोट किंवा चिमटा लावू नका. मऊ सिलिकॉनच्या आत केसाहून बारीक तार असते, दाबली की तुटते.

झाल्यावर पॅड आणि ॲल्युमिनियम यांच्यात शॉर्ट झालेला नाही ना, ते मल्टिमीटरने बघा. मग दोन पेन्सिल सेल जोडून क्षणभर लावा. अधिकची खूण अधिकला. चिप उजळली की थर्मल पेस्ट (उष्णता पुढे नेणारा लेप) लावून हीटसिंकवर बसवा. स्क्रूचं डोकं पॅडला टेकणार नाही याकडे लक्ष द्या. हीटसिंकशिवाय पूर्ण ३५० मिलिअँपिअर करंट मात्र देऊ नका. आयर्नपासून वाचवलेली चिप स्वतःच्याच उष्णतेने जाईल.