घटक चाचणीचा पेपर काढताना या चुका टाळा

तिसरीच्या पेपरात मी एक प्रश्न टाकला होता, गटात न बसणारा शब्द ओळखा: वड, पिंपळ, मोह, गुलाब. माझ्या मते उत्तर गुलाब, कारण बाकीची मोठी झाडं आणि गुलाबाचं झुडूप. 24 पैकी 11 पोरांनी मोहाला गोल केला आणि मी 11 पेपरांवर लाल पेनाने फुली मारली. पेपर वाटल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली आणि म्हणाली, "मोहच वेगळा जी. मोहाचे पैसे येतेत, बाकीच्याचे नाही." तिच्या घरी मार्च-एप्रिलमध्ये सगळं घर पहाटे उठून मोहफुलं वेचतं, तिने वर्गीकरण बरोबर केलं होतं, फक्त निकष तिच्या घरचा होता आणि माझा पुस्तकातला. त्या दिवशी मी 11 पेपर परत घेतले.

मी गडचिरोली जिल्ह्यात शिकवतो, वर्गातली निम्म्याहून जास्त पोरं घरी गोंडी बोलतात. गोंडी द्रविड कुळातली भाषा, म्हणजे मराठीपेक्षा तेलुगूच्या जवळची, त्यामुळे "थोडी वेगळी मराठी" समजून चालत नाही. पण हे फक्त आमच्याकडचं आहे असं समजू नका, मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिली आणि पावरी, आणि पुण्या-नाशिकला बांधकामावरच्या कुटुंबांची पोरं आहेतच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण नेमकं काय मोजतोय हे न ठरवता प्रश्न लिहिणं. परिसर अभ्यासाच्या पेपरात पेरूचं चित्र होतं, पोराने खाली "जाम" लिहिलं. विदर्भात पेरूला जामच म्हणतात, आणि कोथिंबिरीला सांबार. आता प्रश्न जर फळं ओळखण्याचा असेल तर त्याला पूर्ण मार्क द्यायलाच हवेत, त्याला फळ ओळखता आलं ना! पण मराठीच्या पेपरात प्रमाण शब्द शिकवलाय आणि तोच विचारायचाय, तर "पेरू" मागणं चुकीचं नाही. एकच उत्तर एका पेपरात बरोबर आणि दुसऱ्यात अपुरं असू शकतं. म्हणून मी आता प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलने एक शब्द लिहून ठेवतो: बेरीज, वाचन, निरीक्षण, जे काय असेल ते. शब्द सुचला नाही तर प्रश्न काढून टाकतो.

दुसरी चूक वरवरच्या रंगरंगोटीची, आणि ही चांगल्या मनाने काम करणारे शिक्षक जास्त करतात. "सुरेशने मॉलमध्ये 20 टक्के डिस्काउंटवर शर्ट घेतला" हा प्रश्न घ्यायचा, सुरेशचा सोमा करायचा आणि मॉलचा आठवडी बाजार, झालं स्थानिक! पण आठवडी बाजारात टक्क्यात सूट मिळते का हो? तिथे भाव होतो, दोनशे सांगतो, दीडशेला देतो. पोरगं दर बाजाराला आईसोबत हिशोब करतं, तरी या प्रश्नात अडकतं, कारण सोमा खोटा आहे. त्यापेक्षा "दुकानदाराने 200 सांगितले आणि 150 ला दिलं, किती कमी केले, ते शंभराला किती पडले" असं विचारा, गणित तेच राहतं. तसंच लिफ्टचं. चौथ्या मजल्यावरून लिफ्ट पाच मजले वर आणि तीन खाली, आता कुठे? आमच्या एका पोराने विचारलं, तळमजला धरायचा का. त्याने लिफ्ट पाहिलीच नव्हती, मी बांबूची शिडी घेतली, मजल्याच्या जागी पायऱ्या घेतल्या, आणि बहुतेकांचं उत्तर सहा आलं.

भाषांतर केलं म्हणजे पेपर सगळ्यांना सारखा झाला असं वाटणं हीसुद्धा चूकच. 2018 च्या नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेत तमिळ पेपरात 49 प्रश्नांच्या भाषांतरावर आक्षेप आला, मद्रास हायकोर्टाच्या मदुराई खंडपीठाने त्यासाठी 196 गुण द्यायचा आदेश दिला आणि पुढे सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. कोणाचं बरोबर हा वाद बाजूला ठेवा, पण लाखो पोरांच्या परीक्षेत हे होतं तर आपण इंग्रजी प्रश्नपेढीतून रात्री अकराला उचललेल्या प्रश्नाचं काय होत असेल. फार पूर्वी, 1930 च्या दशकात, व्ही. व्ही. कामतांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिनेची बुद्धिमत्ता चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी आणली तेव्हा ती इथल्या मुलांवर वापरून नव्याने बसवली. आपल्याला तेवढं शक्य नाही, पण पेपर छापायच्या आधी दुसऱ्या शाळेतल्या दोन पोरांना एकेक प्रश्न वाचायला देऊन "तुला काय विचारलंय ते सांग" एवढं म्हणता येतं. उत्तर विचारायचंच नाही. अर्धा तास लागतो आणि "रिक्त स्थानांची पूर्ती करा" सारख्या सूचना तिथल्या तिथे उघड्या पडतात, "रिकामी जागा भरा" लिहिलं की काम होतं.

गणिताचा चार ओळींचा शाब्दिक प्रश्न मुळात वाचनाची चाचणी बनतो, म्हणून गणिताच्या पेपरात प्रश्न मोठ्याने वाचून दाखवा, गरज पडली तर घरच्या भाषेतला एखादा शब्द सांगा. याला कॉपी म्हणणारे सहकारी भेटतील, त्यांना शांतपणे विचारा की तुम्ही वाचन तपासताय की वजाबाकी.

आता निकाल लागल्यावर काय बघायचं. घरी गोंडी बोलणाऱ्यांची सरासरी कमी आली म्हणून लगेच पेपर पक्षपाती ठरत नाही, कदाचित शिकवण्यातच कमी पडलो असू. आणि सरसकट 5 मार्क वाढवून देणं हा तर उपायच नाही, त्याने पोराला काय येतं ते कळत नाही. असं करा: एकूण मार्क साधारण सारखे असलेली पोरं घ्या, समजा 50 पैकी 30 ते 35 वाली, त्यांचे घरच्या भाषेप्रमाणे दोन गट करा आणि प्रत्येक प्रश्न किती जणांना आला ते मोजा. बाकी सगळीकडे बरोबरी आणि एखाद्याच प्रश्नात एक गट पडतोय, तर आधी त्या प्रश्नाकडे बघा. मोठ्या परीक्षांमध्ये तज्ज्ञ हेच करतात, फक्त हजारो पेपरांवर. एका वर्गात पोरं कमी, म्हणून केंद्रातल्या चार-पाच शाळांचे तक्ते एकत्र केले तर चित्र जरा भरवशाचं होतं.

आणि वेळ. उन्हामुळे एप्रिलमध्ये सकाळची शाळा लागते, आणि नेमकं तेव्हाच मोह पडतो. पहाटे चारपासून वाकून फुलं वेचलेलं लेकरू साडेसातला पेपर सोडवायला बसतं आणि बाकावर पेंगतं. सरकारी वेळापत्रक आपल्या हातात नाही, पण शाळेची तोंडी चाचणी आणि प्रकल्प आपण ठरवतो. मागच्या वर्षी मी दोन्ही मार्च उजाडायच्या आधी उरकून घेतले, मोह तेव्हा अजून पडायला लागला नव्हता, आणि ती टेबलापाशी आलेली मुलगी अख्खा तास ताजीतवानी बोलत होती.