सुकी मांदेली आणता? या चुका टाळा

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी आठवडी बाजारात सुकट-बोंबलाशेजारी मांदेलीचं पोतं असतंच. अँकोव्हीच्या कुळातला हा मासा मुंबई-गुजरातच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात, म्हणजे प्रवाहात बांधलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, सापडतो आणि इतक्या लांबून आपल्यापर्यंत येतो. त्यामुळे पारखून घ्यायचं काम आपलंच.

पोत्यातून ओंजळभर उचलून थेट पिशवीत टाकू नका. आधी एक मासा हातात घ्या. अंग शेपटीकडे निमुळतं होत गेलेलं, नाकाड तोंडाच्या पुढे आलेलं, जबडा डोळ्याच्याही मागेपर्यंत फाकलेला, ही मांदेलीची खूण. आता मोडून बघा. टचकन तुटली तर चांगली. वाकली तर आत ओल आहे. अंगावर गुलाबीसर थर, बुरशी किंवा खवट वास असेल तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका. बुरशी धुऊन किंवा ऊन दाखवून निघत नाही.

सगळ्यात जास्त मांदेली घरी आणल्यावर वाया जाते, तीही ओलीमुळे. वर्षाचा साठा करायचा तर पावसाआधी करा. आपलं एप्रिल-मेचं कोरडं ऊन यासाठी फार कामाचं आहे, त्याचा उपयोग करून घ्या. कापडावर पातळ पसरा, माश्या बसू नयेत म्हणून वर जाळी टाका, आणि पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम असतानाच झाकण लावलं की आत घाम सुटतो आणि तिथूनच बुरशी धरते.

बर्फातली ताजी मांदेली घेतलीत तर पोट फुटलेली बाजूला काढा आणि उन्हात बाजारभर फिरवू नका. उष्णतेत या कुळातल्या माशांमध्ये हिस्टामिन हे अंगावर उठणारं द्रव्य तयार होतं. ते शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी असा त्रास झाला तर डॉक्टरांकडे जा.

सुकी मांदेली करताना बहुतेकजण ती तासभर पाण्यात भिजत ठेवतात. चव पाण्यात जाते आणि मासा रश्श्यात विरघळतो. डोकं आणि पोट खुडा, कोरड्या तव्यावर खरपूस भाजा, गरम पाण्यातून एकदा काढा आणि मग येसराच्या (भाजलेली धान्यं आणि मसाले दळून केलेल्या पिठाच्या) उकळत्या रश्श्यात सोडा. मीठ शेवटी, चाखूनच घाला. मासा खारवलेला असेल तर वरून लागतही नाही.