‘कळ’ म्हणजे काय? आधी वाक्य बघू द्या
मुलाने ‘कळ म्हणजे काय’ विचारलं की लगेच अर्थ सांगून मोकळं होऊ नका, त्यालाच तीन वाक्यं द्या, ‘पोटात कळ आली’, ‘कळ दाबली नि दिवा लागला’, ‘त्याने उगाच माझी कळ काढली’, आणि विचारा की कुठल्या शब्दावरून अर्थ लागला. पोट, दिवा, उगाच, यावर मुलं स्वतःच बोट ठेवतात, मला तर हेच सगळ्यात आवडतं. क्रियापद बघायची सवय मात्र नक्की लावा, आली, दाबली, काढली, अर्धा अर्थ तिथेच असतो. अडलं तर शब्द झाकून रिकाम्या जागी काय बसेल ते बोलू द्या. ‘मला एक पान दे’ एवढ्यावरून वहीचं की झाडाचं कळतच नाही, तेव्हा मागचं-पुढचं वाक्य वाचायचं.