घरचा वाद लवादाकडे नेताना

लवाद म्हणजे कोर्टाबाहेर निर्णय द्यायला सगळ्यांनी मिळून नेमलेला माणूस. सगळ्यात आधी हा वाद लवादाकडे जाऊ शकतो का ते बघा. घटस्फोट, मुलांचा ताबा, फौजदारी गुन्हा, मृत्युपत्राचं प्रोबेट (म्हणजे ते खरं असल्याचा कोर्टाचा दाखला), हे लवादाच्या हाती देता येत नाही. उसनवारी, भागीदारीचा हिशोब, मालमत्तेची वाटणी चालते. पावत्या, उतारे, बँकेचे कागद गोळा करा. ते सांगायलाच नको.

आता वाद लवादाकडे सोपवण्याचा करार. लेखी. सगळ्यांच्या सह्यांचा. १९९६ च्या लवाद आणि समेट कायद्याच्या कलम ७ ला तोंडी होकार चालत नाही. आमच्याकडे धाकटी बहीण फोनवर ‘तुम्ही ठरवाल ते मान्य’ म्हणाली आणि तिच्या नावापुढची जागा कोरीच राहिली. निवाडा, म्हणजे लवादाचा निर्णय, तिच्याही हिश्शाचा होता. सही नाही म्हणून तिला तो बंधनकारक नव्हता, आणि अख्खी वाटणी पुन्हा पहिल्यापासून! ज्याचा ज्याचा हिस्सा आहे त्या प्रत्येकाची सही घ्या. परगावी असेल तर कागद तिकडे पाठवा, परत येईपर्यंत थांबा. ग्रुपवर अंगठा दाखवला म्हणून पुढे जाऊ नका.

त्याच करारात वादाचे मुद्दे एकेक करून लिहा, कारण न सोपवलेल्या मुद्द्यावर दिलेला निर्णय कोर्टात टिकत नाही. कायद्यावर बोट न ठेवता न्यायबुद्धीने ठरवावं असं वाटत असेल तर तसंही स्पष्ट लिहा. न लिहिता लवादाला तो अधिकार मिळत नाही.

लवाद कोण? भाऊ-बहीण, आई-वडील नकोत. पक्षकाराशी जवळचं नातं असलेली व्यक्ती २०१५ च्या दुरुस्तीपासून अपात्र आहे. वाद उभा राहिल्यावर सगळ्यांनी सूट दिली तरच चालते, आणि तीही लेखीच. संख्या विषम हवी. घरगुती वादाला एकच पुरतो, तीन म्हणजे फीही तिप्पट. भांडण हिशोबाचं असेल तर हिशोब कळणारा माणूस बघा. फी आधी ठरवा. घाई असेल तर सहा महिन्यांत निकाल देणारी जलद पद्धत आहे. त्यात बहुतेक काम कागदांवरच चालतं. तिलाही सगळ्यांची लेखी संमती लागते.

पहिल्या बैठकीला निघण्यापूर्वी करार उघडून सह्या नावागणिक पुन्हा तपासा.

बैठकीत दिलेला प्रत्येक कागद समोरच्यालाही द्या. निवाड्यावर सही, तारीख, कारणं बघून घ्या. मुद्रांक भरा, घर-जमीन असेल तर नोंदणी. निवाड्याला कोर्टात आव्हान द्यायला तीन महिने असतात, म्हणून प्रत मिळाल्याची तारीख टिपून ठेवा.