सबस्टेशनची रचना आपोआप बनवताय? या चुका टाळा

कॉन्फिगरेशन सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की सबस्टेशन (वीज उपकेंद्र), व्होल्टेज लेव्हल, बे (एका लाइनचा किंवा ट्रान्सफॉर्मरचा उपकरणांचा संच), ब्रेकर (वीज तोडणारा स्विच), आयसोलेटर (वीज बंद असताना लाइन वेगळी करणारा स्विच) अशी अख्खी उतरंड क्षणात उभी राहते. इतकी नीटनेटकी दिसते, की उघडून तपासायचं कुणाच्या मनातच येत नाही. सॉफ्टवेअर मात्र यार्डात गेलेलं नसतं. सिंगल लाइन डायग्रामवरून, म्हणजे सबस्टेशनच्या एकरेषी आराखड्यावरून, तुम्ही भरलेली एक्सेल शीट जे सांगेल, ते तेच लिहितं.

सगळ्यात जास्त घोळ नावांचा. ‘३३/११’ (३३ किलोव्होल्ट म्हणजे केव्हीवरून ११ केव्ही करणारं) आपल्या तोंडात इतकं बसलंय, की सबस्टेशनचं नावच ‘वेर्णा ३३/११’ असं टाकलं जातं. अशा फाइली कशा लिहायच्या ते ठरवणाऱ्या आयईसी ६१८५०-६ मानकाप्रमाणे जोडणीचा पत्ता सबस्टेशन, व्होल्टेज लेव्हल, बे आणि नोड (उपकरणं जिथे जोडली जातात तो बिंदू) तिरप्या रेघेने जोडून बनतो. नावातच तिरपी रेघ आली की पत्त्यात एक पायरी वाढते आणि संदर्भ सापडत नाही म्हणून एरर येतो. नाव आखूड आणि साधं ठेवा. बाकीचं सगळं, हवं तर मराठीतही, वर्णनाच्या रकान्यात लिहा.

गोव्यात त्यात रोमन स्पेलिंगची भर पडते. शेल्डे कुणी एक्सने लिहितं, कुणी एस-एचने. फोंडा पी-ने की एफ-ने, म्हापशात एच आहे की नाही, हेही माणसागणिक बदलतं. डायग्रामवर एक, रिलेच्या (बिघाड ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या उपकरणाच्या) फाइलमध्ये दुसरं, स्काडाच्या (दूरून देखरेख-नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेच्या) यादीत तिसरं. आपल्याला तो एकच फीडर (बाहेर जाणारी वीजवाहिनी) आहे हे कळतं, सॉफ्टवेअरला कळत नाही. कॅपिटल-स्मॉलचा फरकसुद्धा ते वेगळं नाव धरतं. जनरेट करण्याआधी नावांची एकच यादी पक्की करून घ्या.

दुसरी चूक टेम्पलेटची. ३३ केव्ही यार्डातला बे, म्हणजे ब्रेकर, आयसोलेटर, लाइनकडे अर्थ स्विच (लाइन जमिनीला जोडणारा), जसाच्या तसा ११ केव्हीला लावतात. तिथे बहुतेक ठिकाणी खोलीत पॅनेल असतात, ब्रेकर ट्रॉलीवर. वेगळा आयसोलेटर नसतोच. मग फाइलमध्ये नसलेले आयसोलेटर उगवतात, त्यांची स्थिती कुठूनच येत नाही आणि इंटरलॉक (चुकीची हालचाल रोखणारी अट) ब्रेकरची क्लोज कमांड अडवून धरतो. लोक रिले तपासत बसतात! ११ केव्हीचा टेम्पलेट वेगळाच हवा, आणि ट्रॉलीची आत-बाहेर स्थिती कशी दाखवायची तेही आधीच ठरवा.

स्काडावर एका फीडरचा ब्रेकर उघडल्यावर शेजारच्या फीडरचा वीज चालू असल्याचा रंग गेला, तर कॉपी केलेल्या बेचे टर्मिनल (उपकरणांची जोडणीची टोकं) बघा. ते अजून पहिल्या बेच्याच नोडकडे बोट दाखवत असतात. बसबार (सगळे बे ज्याला जोडतात ती सामाईक पट्टी) हा फक्त नोड असलेला स्वतंत्र बे म्हणून ठेवा. दोन व्होल्टेज लेव्हलमधला ट्रान्सफॉर्मर थेट सबस्टेशनखाली टाका, कुठल्यातरी एका लेव्हलच्या पोटात नको.

लॉजिकल नोड म्हणजे फाइलमधलं एखादं काम, जसं संरक्षण किंवा नियंत्रण; त्याच्यासमोर आयईडीचं (ते काम करणाऱ्या रिलेसारख्या उपकरणाचं) नाव ‘नन’ असेल तर तो अजून कुठल्याच रिलेला जोडलेला नाही. एसएसडी फाइलमध्ये, म्हणजे सबस्टेशनच्या सुरुवातीच्या वर्णनात, ते चालतं. शेवटच्या एससीडीत (सगळ्या उपकरणांसकट पूर्ण फाइलीत) राहिलं तर जोडणीचं काम अर्धवट आहे.

हाताने दुरुस्त्या केल्यावर पुन्हा जनरेट कराल, तर बरीच सॉफ्टवेअरं त्या पुसून टाकतात. दुरुस्ती शीटमध्ये किंवा टेम्पलेटमध्येच करा, जुनी फाइल जपून ठेवा आणि दोन्हींची तुलना करा. स्कीमा (फाइलच्या रचनेचे नियम) तपासणी पास झाली एवढ्यावर समाधान मानू नका. ती फक्त फाइलची घडण बघते. छापलेली उतरंड घेऊन यार्डातल्या पाट्यांशी जुळवायचं काम पावसापूर्वीच्या शटडाउनमध्येच उरका, जूनमध्ये ते कुणी करत नाही.