कन्सोल लहान आणि स्वस्त करताना कात्री आधी कुठे लावायची

गेम कन्सोलचा खर्च कमी करायला बसलं की पहिली नजर प्लास्टिकच्या डब्यावर जाते. पण डबा आक्रसला तरी आतली उष्णता तेवढीच राहते. म्हणून आधी चिप, मग पॉवर सप्लाय, मग हीटसिंक (चिपची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूचा भाग) आणि पंखा, शेवटी डबा.

तीच चिप बारीक प्रोसेसवर, म्हणजे आणखी लहान भाग कोरणाऱ्या उत्पादनपद्धतीवर, काढा. 300 मिलिमीटर व्यासाच्या वेफरवर (चिप जिच्यावर कोरतात त्या सिलिकॉनच्या गोल चकतीवर) 300 चौरस मिलिमीटरच्या सुमारे 197 चिप बसतात; 200 चौरस मिलिमीटरच्या सुमारे 306. शिवाय चिप लहान झाली की सदोष निघण्याचं प्रमाणही घटतं. मात्र मास्कचा (वेफरवर आराखडा उमटवणाऱ्या पट्ट्यांचा) संच नव्याने करावा लागतो, नवा वेफर महाग पडतो आणि चिपच्या कडेचे, बाहेर जोडणारे भाग बाकीच्याइतके आक्रसत नाहीत. अजून किती कन्सोल खपणार आहेत ते मांडूनच हा खर्च करा.

मग दोन चिपांची एक करा. एक्सबॉक्स 360 मध्ये 2005 साली सीपीयू (मुख्य प्रोसेसर) आणि जीपीयू (चित्रं तयार करणारी चिप) वेगवेगळे होते, 90 नॅनोमीटरच्या प्रोसेसवरचे. 2010 च्या मॉडेलात दोन्ही 45 नॅनोमीटरच्या एकाच चिपवर आले. खरी मेख इथेच आहे. शेजारी आल्यावर दोघांतली देवाणघेवाण आपोआप वेगवान होते, आणि जुन्या वेळेवर बेतलेला गेम त्याने गडबडू शकतो. त्यामुळे जुन्या बसइतकाच (चिपांना जोडणाऱ्या तारांच्या मार्गाइतकाच) उशीर लावणारा एक ब्लॉक चिपमध्ये मुद्दाम घातला होता. फुकटचा वेग घेऊ नका. पॉवर सप्लाय मात्र 203 वॉटवरून 135 वर आला.

मेमरीच्या चिप कमी करताना बसची रुंदी सांभाळा: 128 बिटांच्या बसला 16 बिटांनी जोडलेल्या आठ चिप असतील, तर दुप्पट क्षमतेच्या चार चिप 32 बिटांनी जोडा.

यंत्रणेचा धडा प्लेस्टेशन 2 कडून घ्यावा. 2004 च्या स्लिममध्ये जाडी 78 मिलिमीटरवरून 28 वर आली. बाहेर येणारा ट्रे, त्याची मोटर आणि गिअर गेले. वर हाताने उघडायचं झाकण आलं. झाकण उघडताच डिस्क थांबवणारा छोटा स्विच तेवढा विसरू नका. हार्ड डिस्कची जागाही गेली. पॉवर सप्लाय बाहेर काढला, पण त्याला बचत म्हणणं जरा धाडसाचंच: खर्च डब्यातून वायरीवर गेला इतकंच. 2007 च्या मॉडेलात तो परत आत आला.

हीटसिंक मोजूनच कापा. कन्सोल रोज तापतो आणि निवतो. चिप आणि बोर्ड सारखे प्रसरण पावत नाहीत, ताण दोघांना जोडणाऱ्या सोल्डरच्या गोळ्यांवर येतो आणि काही महिन्यांनी तडे जातात. कारखान्यातल्या तासाभराच्या चाचणीत हे दिसत नाही. तापवण्या-निवण्याच्या शेकडो फेऱ्या घ्या, त्याही पंख्यावर धूळ बसवून आणि कन्सोल बंद कपाटात ठेवून. डब्याचा साचा त्यानंतरच कापायला द्या.